तीनशे तेरावी जागा

वलगावच्या बसस्टॉपवर जो फ्लेक्स लागला, त्यावर चंद्र आणि नारळ एकाच मापाचे होते. डावीकडे तळहातावर नारळ घेतलेले किसनराव मेहरे. उजवीकडे त्यांची मुलगी डॉ. रागिणी, आणि तिच्या डोक्यामागे चंद्र, देवाच्या फोटोत तेज असतं तसा. मधोमध, दोघांपेक्षा दीडपट मोठे, सत्कार समितीचे अध्यक्ष देवानंद गावंडे हात जोडून उभे. त्यांचा पाण्याशी संबंध नव्हता आणि चंद्राशीही नव्हता. पण फ्लेक्स त्यांनी करवून घेतला होता, आणि फ्लेक्सवर माणसाचा आकार याच तत्त्वावर ठरतो. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'बापानं शोधलं भुईतलं पाणी, लेक शोधते चंद्रावरचं!'

किसनराव अमरावतीच्या मंडईत वांगी पोचवून परतत होते. ऑटोतून उतरले, फ्लेक्सखाली थांबले, आणि त्यांची नजर आधी स्वतःच्या हातावर गेली. फोटोतला नारळ उभा होता.

"मेला," ते स्वतःशीच म्हणाले. नारळाला म्हणाले की स्वतःला, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

किसनराव पाणाडे होते. कुणाला विहीर खोदायची असली, बोअर मारायचा असला, की तो किसनरावांना वावरात घेऊन जाई. किसनराव चपला बांधावर काढत, उजव्या तळहातावर नारळ आडवा ठेवत, शेंडी बोटांकडे, आणि चालू लागत. मागून मालक, मालकाचे भाऊ, मालकाशी न बोलणारे भाऊ, सगळे तोंड बंद ठेवून चालत. एका ठिकाणी नारळ थरथरे, शेंडीकडून उचलला जाई आणि उभा राही. तिथं खुंटी ठोकायची. चाळीस वर्षांत पंचक्रोशीत अशा तीनशे बारा खुंट्या ठोकून झाल्या होत्या.

या सगळ्यात एकच अडचण होती. नारळ आपोआप उभा राहत नाही, हे किसनरावांना पक्कं ठाऊक होतं.

अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल गड्डा असतो तो जरा आवळला आणि मनगट केसभर कलतं केलं, की नारळ उठतो. पाण्यावरही उठतो, सिमेंटच्या रस्त्यावरही उठतो, एसटीच्या सीटवर बसल्या बसल्याही उठतो. जागा किसनराव डोळ्यांनी धरत. बांधावर उंबर कुठं आहे, शिंदीची झुडपं कुठं दाटली, भर उन्हाळ्यात हरळी कुठं हिरवी राहिली, वारूळ कोणत्या अंगाला आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या विहिरी. किसनरावांनी तरुणपणी जवळजवळ प्रत्येक विहिरीत उतरून थर पाहिले होते : काळी माती किती हात, मुरूम कुठं लागला, पाणी धरणारा मांजऱ्या दगड कुठं आणि कोरडा काळा पाषाण कुठून सुरू झाला. दर्यापूरच्या अंगाला किती कोस गेलं की पाणी खारं लागतं, हे त्यांना पाठ होतं. हे सगळं मनात जुळलं की नारळ उभा करायचा.

मग नारळ हवाच कशाला? बावीस वर्षांचे असताना त्यांनी नारळाशिवाय एका शेतकऱ्याला जागा सांगितली होती. उंबर दाखवला, थर समजावले. शेतकरी हसला आणि घरी गेला. पुढच्या वर्षी किसनराव त्याच वावरात नारळ घेऊन गेले आणि त्याच जागी उभा केला. शेतकऱ्यानं दुसऱ्याच दिवशी खोदायला घेतलं. अडतीस फुटांवर पाणी. तेव्हापासून किसनराव डोळ्यांनी पाहत आणि नारळानं सांगत.

पैसे ते घेत नसत. फक्त तो नारळ घरी आणत. त्यामुळे आमच्या वऱ्हाडात, जिथं नारळाचं झाड कुणी शाळेच्या पुस्तकातच पाहिलेलं असतं, तिथं मेहऱ्यांच्या घरी कोकणातल्यासारखी ओल्या खोबऱ्याची चटणी रोज असे. "गावाले पाणी भेटलं," किसनरावांची बायको गोदाबाई म्हणत, "आन मले खोवणी."

आणि एक वही होती. शंभर पानी, पुठ्ठ्याची. अनुक्रमांक, गाव, मालक, थर, किती फूट, पाणी. शेवटच्या रकान्यात 'गोड' लिहिलेलं असे, कुठं 'खारं' आणि कुठं 'कोरडी'. कोरड्या एक्केचाळीस होत्या. गावाच्या लेखी एकही नव्हती. विहीर कोरडी गेली की लोक म्हणत, जागा दाखवताना मालकाचा साळा चप्पल घालून आला होता, किंवा खोदायला अमावास्येला हात लावला. नारळाकडे कुणी बोट दाखवलं नाही. किसनराव मान हलवत, घरी येत, आणि वहीत लिहीत : 'कोरडी. उंबरावर भरवसा ठेवला, थर पाहिला नाई.'

ही वही पेटीत असे. ती कुणी पाहिली नाही, अशी त्यांची समजूत होती.

रागिणी आठवीत असताना अकोल्याला विभागीय विज्ञान प्रदर्शन होतं. किसनराव तिला एसटीनं घेऊन गेले. पोरीनं काय प्रयोग मांडला आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पिशवी जड होती एवढंच. हॉलमध्ये ती टेबलामागे उभी राहिली, पिशवीतून नारळ काढला, आडवा तळहातावर ठेवला, आणि शे-दीडशे लोकांसमोर उभा करून दाखवला. मग स्नायू कसा आवळायचा तेही दाखवलं. "काही लोक यालाच पाणी शोधणं म्हणतात," असं शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाली. वडिलांचं नाव घेतलं नाही. पहिला नंबर आला. किसनरावांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या टाळ्या सर्वांत मोठ्या होत्या, कारण त्या थांबल्या तर पुढं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूरपर्यंत दोघं बोलले नाहीत. मूर्तिजापूरला त्यांनी तिला समोसा घेऊन दिला. तो विषय तिथंच मिटला, म्हणजे पुढची वीस-एकवीस वर्षं कुणी काढला नाही.

आता ती अहमदाबादच्या एका संशोधन संस्थेत होती. चंद्राच्या दक्षिण टोकाला माणसं उतरवायची तर नेमकी कुठं, हे ठरवायला निरनिराळ्या देशांतले लोक गट करून बसले होते, त्यातल्या एका गटात. तिनं फोनवर आईला समजावलं होतं : माणूस गेला की त्याला पाणी लागणार. पाणी इथून न्यायचं म्हणजे रॉकेटनं न्यायचं.

"टँकर जात नाई का तथी?" गोदाबाई म्हणाल्या होत्या.

"तेच म्हणतो मी आई. टँकर जात नाई, म्हणून पाण्याजवळच उतरायचं."

हे मात्र गोदाबाईंना एका दमात पटलं. वऱ्हाडात लग्न ठरवताना मुलाच्या गावचं पाणी विचारतात. चंद्र त्याला अपवाद असायचं कारण नव्हतं.

गटापुढं अकरा जागा होत्या. रागिणीनं मांडलेली जागा पहिल्या तीन जागांत धरली गेली आणि तिचं नाव पेपरात आलं. किसनरावांनी तो पेपर घडी करून खिशात ठेवला आणि आठवडाभर ज्याला त्याला, 'सहज आठवलं' असं म्हणून, दाखवला. मंडईत वांगी घेणाऱ्यालासुद्धा वांग्याआधी पेपर पाहावा लागे. आठ दिवसांत कागद घडीवर फाटला, म्हणून त्यांनी दुसरा आणला.

इथवर अभिमानाला काहीच तकलीफ नव्हती. मग देवानंद गावंडेंना सत्कार सुचला.

*

देवानंदचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीचे पंप आणि सल्ला. सल्ला फुकट असल्यामुळे तो सर्वांत जास्त खपायचा.

"देवानंदभाऊ, तो फ्लेक्स उतरव," किसनराव दुकानात शिरताच म्हणाले.

"काहून? फोटो बारीक आला का तुमचा?"

"माहा काय घेऊन बसला. पोरगी शास्त्रज्ञ आहे. तिच्या बाजूले नारळ काहून लावला?"

"अहो, तेच तर हाय ना मेन!" देवानंद खुर्ची ओढत म्हणाले. "आता आयका. रविवारी स्टेजवर आधी तुमी नारळ उभा करायचा. लाइव्ह. दुकानातला पोरगा गजेंद्र व्हिडिओ काढून राहिला. मंग ताई चंद्रावरचं सांगन. वरती गाणं टाकू. एका दिवसात अख्ख्या दुनियेत जाईन बाप्पा! तिच्या त्या गटातले विदेशी लोक पाहतीन!"

किसनराव अडकले ते नेमके याच वाक्यावर. ते पाहतील. ज्यांच्यासमोर पोरीनं अकरांतली एक जागा मांडून पटवली, ते लोक मोबाईलवर पाहतील की हिचा बाप नारळानं पाणी शोधतो. मग तिच्या जागेचं काय? उद्या कुणी हसत हसत विचारलं, की बाई, ही जागा तुमी तरी कशानं शोधली, तर?

"मी नारळ नाई धरणार," किसनराव म्हणाले.

"असं काहून? वय झालं का? उठत नाई का आता?"

उठत नाही म्हणावं तर चाळीस वर्षांची विद्या गेली. उठतो म्हणावं तर रविवारी उठवावा लागेल. आणि खरं सांगावं, तर तीनशे बारा घरं अशी होती जिथं त्यांना आजही पहिला चहा मिळे, आणि प्रत्येक चहा नारळाच्या भरवशावर उकळलेला होता.

"नाई म्हणजे नाई," ते म्हणाले.

"ठीक हाय, ठीक हाय. नारळाचं नाव काढत नाई," देवानंद लगेच म्हणाले. देवानंद एवढ्या लवकर मान्य करतात तेव्हा सावध व्हायला हवं, हे वलगावात लहान पोरांनाही माहीत आहे. किसनरावांच्या ते ध्यानात आलं नाही. त्यांचं ध्यान अकोल्याच्या त्या हॉलमध्ये होतं.

शनिवारी दुपारी रागिणी आली. येताना बसस्टॉपवरूनच आली, म्हणजे फ्लेक्स पाहूनच आली. चहा पिताना म्हणाली, "फोटो चांगला आला बाबा तुमचा."

यात टोमणा आहे का, हे किसनराव संध्याकाळपर्यंत तपासत राहिले.

जेवताना त्यांनी सुरुवात केली, "उद्याचं मी त्या देवानंदले सांगतलं, का बा..."

"काय?"

"का बा, भाषण लहान ठेव."

"बरं झालं," रागिणी म्हणाली. गोदाबाईंनी तिच्या ताटात चटणी वाढली. ती बोटानं चाटत म्हणाली, "आई, तिकडं एवढी हॉटेलं पाहिली, पण अशी चटणी कुठं नाई." किसनरावांना ठसका लागला.

*

रविवारी शाळेच्या मैदानावर मंडप भरला. पुढं खुर्च्या, मागं सतरंज्या, त्याच्या मागं मोटारसायकलींवर बसलेले, ज्यांना कार्यक्रम आवडला नाही तर किक मारून निघता यावं. देवानंदनी प्रास्ताविकात सांगितलं की चंद्र आणि वलगाव यांचं नातं जुनं आहे. ते कोणतं, हे सांगायला वेळ उरला नाही.

किसनराव स्टेजवर हात मांडीखाली दाबून बसले होते. ठरलं होतं : नारळाला हात लावायचा नाही. चुकूनही नाही. हे ठरवताना चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या या माणसाकडून एक अशी चूक झाली जी फक्त महाराष्ट्रातच होऊ शकते. सत्कार म्हणजे शाल आणि श्रीफळ, हे ते विसरले होते.

देवानंदनी किसनरावांना शाल पांघरवली. टाळ्या झाल्या. मग त्यांनी तबकातून नारळ उचलला, किसनरावांचा उजवा हात प्रेमानं मांडीखालून ओढून काढला, आणि तळहातावर नारळ ठेवला. आडवा. शेंडी बोटांकडे. आणि दोन पावलं मागं सरले.

सतरंजीवरची पोरं गुडघ्यांवर उठली. मोटारसायकलवाले उतरून पुढं आले. शंभर-दीडशे मोबाईल वर झाले, आणि सर्वांत पुढं गजेंद्र, एक डोळा मिटून.

किसनरावांनी नारळाकडे पाहिलं. त्यांच्या आयुष्यात तळहातावर नारळ आला आणि उभा राहिला नाही, असं झालं नव्हतं. हातालाच ती सवय होती. गड्डा आपोआप आवळायला लागला. शेंडी किंचित हलली. मागून कुणीतरी "आला, आला!" म्हणालं.

त्यांनी मान वळवली. रागिणी पाहत होती. अकोल्याला टेबलामागे उभी होती तशीच, ओठ मिटून. तिनं नको म्हणून मान हलवली नाही. हो म्हणूनही हलवली नाही.

किसनरावांनी हात सैल सोडला. नारळ आडवा पडला. पाच सेकंद गेले, दहा गेले. नारळ आडवाच. मग ते माइककडे गेले, नारळ हातात तसाच.

"लोकहो," ते म्हणाले, आणि माइकनं शिट्टी मारली. ती थांबेपर्यंत त्यांना थांबावं लागलं, आणि एवढ्या वेळात माणूस पळूनही जाऊ शकला असता. "हा नारळ कधीच उभा राहिला नाई. मी उभा करत होतो. हातानं. जागा मी डोळ्यानं पाहत होतो. उंबर पाहो, हरळी पाहो, तुमच्या विहिरीचे दगड पाहो. नारळ तुमच्यासाठी होता. मी चाळीस वर्स तुमाले खोटं दाखवलं. पोरगीले त्याच्यात घेऊ नका. तिचं काम खरं आहे. तिनं कोणाले नारळ दाखवला नाई."

ते थांबले. आता काय होईल याचे जेवढे प्रकार त्यांनी चाळीस वर्षं कल्पून ठेवले होते, त्यातला एकही झाला नाही.

पुढच्या रांगेतून चतुराबाई उठल्या. वहीत दोनशे सातव्या. नवरा गेल्यावर एकटीनं विहीर खोदून घेतली, आज दोन एकर ओलीत. पदर खोचून म्हणाल्या, "किसनभाऊ, खोटं काहून बोलून राहिले? माह्या ह्या डोळ्यानं पाहिला मी नारळ उभा राहिलेला!"

"तो मी केला होता, चतुराबाई."

"माह्या विहिरीले पाणी आहे का नाई?"

"आहे."

"गोड आहे का खारं?"

"गोड."

"मंग बसा खाली!"

मंडप हसला, आणि हसता हसता टाळ्या पडल्या. देवानंदनी माइक हिसकला. "पाहा! एवढी विद्या अंगात, पण गर्व नाई! स्वतःच्या तोंडानं म्हणते, मी काही नाई! असा माणूस तालुक्यात दुसरा दाखवा!" पुन्हा टाळ्या. किसनराव शाल सावरत खुर्चीवर बसले. माणसानं एकदा नाव कमावलं की ते घालवायलाही त्याला गावाची परवानगी लागते, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

पण रागिणी उभी राहिली होती.

तिनं लिहून आणलेले कागद टेबलावर ठेवले. चंद्राची चित्रं दाखवायला पडदा लावला होता, त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"माझे वडील खरं बोलले," ती म्हणाली. "नारळ हातानंच उभा राहतो. मी आठवीत असताना अकोल्याला हेच करून दाखवलं होतं. पहिलं बक्षीस मिळालं." मग तिचं पुस्तकी मराठी हळूहळू सुटत गेलं. "तिथं एक म्हातारे परीक्षक होते. त्यांनी मले बाजूले बोलावलं. म्हणे, बाळ, नारळ खोटा हे पटलं. मंग पाणी खरं कसं लागते? मी म्हटलं, योगायोग. तर म्हणे, किती वेळा लागलं, आन किती वेळा नाई लागलं? त्याइनं बक्षीस देऊन टाकलं. पण मी एसटीत समोसा खात तोच विचार करून राहिली होती."

किसनरावांनी मान वर केली.

"घरी आल्यावर बाबा मंडईत गेले का मी त्यांची पेटी उघडली. त्यात वही आहे. त्यांले वाटते कोणाले माहीत नाई." मंडपात खसखस पिकली. "त्या वहीत गोड पाण्याच्या विहिरी होत्या, खाऱ्या होत्या, आन कोरड्या पण होत्या. प्रत्येक कोरडी काहून गेली, ते पण. ज्याले लोकाइले फसवायचं असते, तो कोरड्या विहिरी लिहून ठेवत नाई. मी ती वही तीन वेळा वाचली. मांजऱ्या दगड म्हणजे काय, ते कळावं म्हणून भूगर्भशास्त्र घेतलं. चंद्रावर जे काळे डाग दिसतात ना आपल्याले, तो आपल्यासारखाच काळा पाषाण आहे. त्याच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मले बाबाचं अक्षर दिसलं."

गजेंद्रचा मोबाईल खाली आला होता. तो नुसताच ऐकत होता, म्हणून तो भाग व्हिडिओत नाही.

"आमच्या गटात अकरा जागा होत्या. जो तो आपली जागा किती चांगली ते सांगून राहिला होता. माही पाळी आली तेव्हा मी आधी सांगतलं, ही जागा कुठं कुठं फसू शकते. पाणी बर्फाचं आहे, पण किती खोल, ते माहीत नाई. उतार जास्त आहे. हे सगळं आधी, चांगलं मागून. एकानं विचारलं, तुमाले हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, वडिलांनी. म्हणे, ते कुठं प्राध्यापक आहेत? मी म्हटलं, ते वांगी लावतात."

टाळ्या पडल्या त्या यावेळी मागून पडल्या, मोटारसायकलींकडून. चतुराबाई शेजारणीला म्हणत होत्या, "आता कशी खरी बोलली!" गोदाबाई डोळे पुसत होत्या आणि डोळ्यात धूळ गेली म्हणून मंडपवाल्याला बोल लावत होत्या. किसनराव ताठ बसले. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हातात नारळ होता, आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

*

सोमवारी सकाळी आठ वाजता देवानंद दारात हजर. बगलेत पिशवी.

"किसनभाऊ, वरच्या वावरात बोअर मारायचा आहे. जरा येता?" आणि पिशवीतून नारळ काढला.

"कालचं ऐकलं ना तू?"

"ऐकलं ना! पूर्ण पटलं," देवानंद म्हणाले. "पण बोअरवाल्याचे मजूर बाहेरचे आहेत. त्याइनं कुठं ऐकलं? असू द्या हातात, शोभेले."

किसनरावांनी नारळ घेतला आणि आत गोदाबाईंकडे दिला. मग चपला घातल्या, पहिल्यांदाच बांधावर न काढायच्या बेतानं, आणि रागिणीला म्हणाले, "येतं का?"

तिघं वावरात गेले. तूर कापून झाली होती, खुंट पायांना लागत होते. किसनराव चालत होते, थांबत होते, वाकून माती चोळत होते. देवानंद त्यांच्या रिकाम्या हाताकडे अधूनमधून काळजीनं पाहत. रागिणी मागं मागं.

"एक विचारू का?" किसनराव म्हणाले. "तथी चंद्रावर उंबर नाई, वारूळ नाई, हरळी नाई. मंग तू पाहतं काय?"

"सावली."

"सावली?"

"टोकाजवळ सूर्य डोक्यावर येतच नाई बाबा. बाजूबाजूनं फिरते. मंग खोल खड्ड्यांच्या बुडाशी ऊन कधीच पोचत नाई. कोट्यवधी वर्सापासून सावलीच. तिथं बर्फ टिकते. आन खड्ड्याच्या काठावर उंच जागा पायजे, जिथं ऊन भेटन. माणसानं उन्हात उतरायचं, आन पाणी सावलीतून आणायचं."

किसनरावांनी चालता चालता एक ढेकूळ फोडलं. "म्हणजे उंचावर घर, आन खाली विहीर."

"हाव. तेवढंच."

"मंग एवढे देश काहून बसले होते?" ते म्हणाले. पण त्यांची मान जी उंचावली, ती देवानंदचं वावर संपेपर्यंत खाली आली नाही. जागा त्यांनी लिंबाखाली धरली, पूर्वेच्या बांधापासून तीस पावलांवर. देवानंदनी खुंटी ठोकली, आणि किसनराव पुढं गेल्यावर खिशातून दुसरा नारळ काढून हळूच खुंटीशी फोडला.

घरी आल्यावर किसनरावांनी पेटीतून वही काढली. लपवायचं आता कारण नव्हतं. चष्मा लावला, नवी ओळ घेतली.

"देवानंदचं लिहून राहिले?" रागिणीनं विचारलं.

"देवानंद कुठं पळून चालला? थांब." त्यांनी लिहिलं : ३१३. "गाव काय टाकू?"

"चंद्र. दक्षिण टोक."

त्यांनी ते वळणदार अक्षरात लिहिलं. "मालक?"

"मालक कोणी नाई बाबा."

"कोणीच नाई?" ते थक्क झाले. "भावाभावात वाटणीपण नाई?"

"नाई."

"मंग तुह्या माणसाइले सांग, चांगली जागा आहे," ते म्हणाले, आणि मालकाच्या रकान्यात एक रेघ ओढली. "थर?"

ती सांगत गेली, ते लिहीत गेले. वर भुकटी. खाली फुटलेला दगड. मधेमधे बर्फ असावा. 'असावा' त्यांनी तिच्या सांगण्यावरून दोनदा ठळक केलं. 'किती फूट' इथं प्रश्नचिन्ह टाकलं. 'जागा कोणी धरली' असा रकाना वहीत नव्हता, चाळीस वर्षांत लागलाच नव्हता. त्यांनी पट्टी घेऊन समासाशेजारी तो आखला आणि त्यात लिहिलं : रागिणी किसनराव मेहरे, वलगाव.

आतून खोवणीचा आवाज येत होता.

पाण्याचा रकाना मात्र त्यांनी रिकामा ठेवला. पाणी हाताला लागल्याशिवाय तो त्यांनी आजवर कधी भरला नव्हता.